नॉर्दर्न लाइट्स जमिनीपासून किती उंच असतात? फोटो काढून हे शोधणारे कार्ल स्टॉर्मर कोण होते?

मे 2024 मध्ये लडाखच्या हानले इथलं रात्रीचं आकाश लाल झालं आणि ते फोटो बघता बघता सगळ्यांच्या मोबाईलवर पोहोचले. नॉर्दर्न लाइट्स, म्हणजे ध्रुवीय प्रकाश, चक्क भारतातून दिसला होता.

पण नॉर्वे-आइसलंडच्या फोटोंमध्ये हिरवागार दिसणारा हा प्रकाश हानलेत लाल का दिसला? याचं उत्तर त्याच्या उंचीत आहे. आणि ही उंची कॅमेऱ्याने मोजण्यात ज्यांनी अख्खं आयुष्य घालवलं, ते होते नॉर्वेचे गणिताचे प्राध्यापक कार्ल स्टॉर्मर.

जाकिटात लपवलेला कॅमेरा

स्टॉर्मर यांचा जन्म 3 सप्टेंबर 1874 चा, नॉर्वेतल्या स्कीन गावचा. वडील औषधांच्या व्यवसायात होते. कार्ल हे एकुलते एक. लहानपणी त्यांना वनस्पतींचं वेड होतं, नंतर गणिताने ओढून घेतलं. 1892 मध्ये त्यांनी क्रिस्तियानियाच्या, म्हणजे आजच्या ओस्लोच्या विद्यापीठात प्रवेश घेतला.

विद्यार्थीदशेतच त्यांच्या हाती एक भन्नाट वस्तू लागली. जाकिटाच्या आत लपवायचा चपटा, गोल कॅमेरा. त्याची भिंग बटणाच्या काजातून बाहेर डोकवायची आणि खिशात एक दोरी असायची. स्टॉर्मर शहराच्या मुख्य रस्त्यावर फिरायचे, समोरून येणाऱ्याला अदबीने नमस्कार करायचे आणि तेवढ्यात दोरी ओढायचे. झाला फोटो!

1893 ते 1897 या काळात त्यांनी असे सुमारे 500 फोटो काढले. त्यात प्रसिद्ध नाटककार हेन्रिक इब्सेनही सापडले, तेही मूळचे स्कीनचेच. त्या काळी लोक स्टुडिओत ताठ बसून फोटो काढून घेत. स्टॉर्मरच्या फोटोंमध्ये मात्र माणसं चालताहेत, हसताहेत. न विचारता फोटो काढणं आज कुणालाही आवडणार नाही, पण त्या काळचा रस्ता आज आपल्याला दिसतो तो या उद्योगामुळेच.

गणितातून आकाशाकडे

पुढे पॅरिसमध्ये शिक्षण झालं आणि 1903 मध्ये, तिशीच्या आतच, ते क्रिस्तियानियात प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांनी सहकारी क्रिस्तियान बिर्कलंड यांचा एक प्रयोग पाहिला.

बिर्कलंड यांनी हवा काढून टाकलेल्या पेटीत एक चुंबकीय गोळा ठेवला होता. ही त्यांची छोटी पृथ्वी. तिच्यावर विद्युतभारित कणांचा झोत सोडला की ध्रुवांभोवती उजेडाची वलयं उमटायची. खऱ्या ध्रुवीय प्रकाशाच्या मुळाशीही सूर्याकडून येणारे असेच कण असावेत, असं बिर्कलंड यांचं म्हणणं होतं.

स्टॉर्मर यांच्यातला गणिती जागा झाला. पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात असा कण नेमका कोणत्या वाटेने जाईल? या समीकरणांना सरळसोट उत्तर नव्हतं. संगणक तर नव्हताच. स्टॉर्मर आणि त्यांच्या सहाय्यकांनी कणांच्या वाटा हाताने, टप्प्याटप्प्याने मोजल्या. त्यात हजारो तास गेले.

पण कागदावरचं गणित पडताळायचं तर आकाशातलं खरं माप हवं होतं. तिथेच गाडी अडत होती.

उंची मोजणं एवढं अवघड का होतं?

हा प्रकाश किती उंच आहे, यावर एकमत नव्हतं. कुणी म्हणे डोंगरमाथ्यापर्यंत खाली येतो, कुणी म्हणे शेकडो किलोमीटर वर असतो. काळ्या आकाशात अंतराचा अंदाज डोळ्यांना येत नाही.

यावर उपाय साधा होता. तुम्हीही करून बघा. बोट डोळ्यांसमोर धरा आणि आधी एक डोळा मिटा, मग दुसरा. बोट मागच्या भिंतीवर सरकल्यासारखं दिसेल. बोट जवळ असेल तर जास्त सरकतं, लांब असेल तर कमी.

स्टॉर्मर यांनी हेच केलं. दोन डोळ्यांच्या जागी दोन कॅमेरे, भिंतीच्या जागी तारे. दोन्ही ठिकाणांहून एकाच क्षणी फोटो काढायचा आणि ताऱ्यांच्या तुलनेत प्रकाश किती सरकला ते मोजायचं.

अडचण कॅमेऱ्याची होती. ध्रुवीय प्रकाश अंधूक असतो आणि सतत हलतो. त्याचा पहिला फोटो 1892 मध्ये मार्टिन ब्रेंडेल यांनी काढला होता, पण तो फारच पुसट होता. स्टॉर्मर यांनी सिनेमाच्या कॅमेऱ्याची, जास्त उजेड आत घेणारी भिंग वापरली. त्यामुळे काही सेकंदांत फोटो मिळू लागला.

1910 मध्ये ते नॉर्वेच्या पार उत्तरेला, बोसेकोपला पोहोचले. दोन कॅमेऱ्यांमध्ये सुमारे चार किलोमीटर अंतर आणि मध्ये टेलिफोनची तार. फोनवर इशारा मिळाला की दोन्हीकडे एकदम फोटो. पण एवढ्या कमी अंतरात प्रकाश फार थोडा सरकतो आणि मोजमापात चूक होऊ शकते. म्हणून 1913 मध्ये ते पुन्हा गेले आणि हे अंतर 27 किलोमीटरवर नेलं.

मग काय कळलं?

ध्रुवीय प्रकाशाची खालची कड साधारण 100 किलोमीटर उंचीवर असते. डोंगरमाथ्यांचा प्रश्नच मिटला. पुढे दक्षिण नॉर्वेत केंद्रांचं जाळं उभारून त्यांनी अनेक दशकं हे काम चालू ठेवलं. वरच्या थरात अजून ऊन असताना दिसणारे काही झोत तर 1,000 किलोमीटरपर्यंत जातात, हेही त्यांनी दाखवलं. रात्री चमकणाऱ्या दुर्मीळ ढगांची उंचीही त्यांनी याच पद्धतीने काढली. ती सुमारे 82 किलोमीटर भरली.

हानलेचं कोडंही इथेच सुटतं. हिरवा रंग खालच्या थरातला, लाल रंग त्याच्या बराच वरचा. हानले ध्रुवापासून खूप लांब आहे. पृथ्वी गोल असल्यामुळे हिरवा भाग क्षितिजाखाली राहतो आणि फक्त वरचा लाल भाग दिसतो.

सगळंच बरोबर ठरलं का?

नाही. सूर्याकडून येणारे कण थेट आपल्या वातावरणात शिरतात, असं त्यांचं चित्र होतं. प्रत्यक्षातली वाट बरीच गुंतागुंतीची निघाली. पण चुंबकीय क्षेत्रात काही कण अडकून राहू शकतात, हे त्यांच्या गणितातून दिसत होतं. 13 ऑगस्ट 1957 रोजी ते गेले आणि पुढच्याच वर्षी, 1958 मध्ये, अमेरिकेच्या एक्सप्लोरर उपग्रहांना पृथ्वीभोवती अशा कणांचे पट्टे सापडले. ते पाहायला स्टॉर्मर नव्हते.

त्यांची मोजायची पद्धत मात्र आजही कामाला येते. 2018 मध्ये फिनलंडमधल्या हौशी फोटोग्राफर्सना वाळूच्या लाटांसारखा दिसणारा वेगळाच ध्रुवीय प्रकाश दिसला. दोन ठिकाणांहून एकाच वेळी काढलेले त्यांचे फोटो आणि मागचे तारे जुळवून संशोधकांनी त्याची उंची काढली. ती निघाली सुमारे 100 किलोमीटर.