दाब कोंडणाऱ्या माणसाची गोष्ट

१० ऑगस्ट १८९३. जर्मनीतील ऑग्सबर्ग शहरातल्या यंत्रकारखान्यात एक उंच, उभे इंजिन बाहेरून पट्ट्याने फिरवले जात होते. त्याच्या सिलिंडरमध्ये हवा दाबली जात होती. त्या दाबलेल्या हवेत इंधनाचा पहिला फवारा सोडला आणि प्रचंड आवाज झाला. दाब मोजणारे उपकरण फुटून उडाले. सिलिंडरमधला दाब वातावरणाच्या ८० पटींपर्यंत गेला होता. इंजिन स्वतःच्या बळावर एक फेराही फिरले नव्हते, तरी ३५ वर्षांचा अभियंता समाधानी होता. ना ठिणगी, ना ज्योत. नुसत्या दाबलेल्या हवेच्या उष्णतेने इंधन पेटले होते. या अभियंत्याचे नाव रुडॉल्फ डिझेल. आज पेट्रोल पंपावर आपण त्यांचेच आडनाव घेतो.

डिझेल यांचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिसमध्ये झाला. आई-वडील मूळचे बव्हेरियाचे. वडील चामड्याच्या वस्तू बनवणारे कारागीर. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया यांच्यात युद्ध पेटले आणि जर्मन कुटुंबांना पॅरिस सोडावे लागले. डिझेल कुटुंब लंडनला गेले. तिथून १२ वर्षांच्या रुडॉल्फला ऑग्सबर्गला नातेवाइकांकडे शिकायला पाठवण्यात आले. पुढे म्युनिकच्या तंत्रशिक्षण संस्थेत त्यांना कार्ल फॉन लिंडे हे शिक्षक लाभले. शीतयंत्रांच्या इतिहासातले हे मोठे नाव. वाफेचे इंजिन कोळशातील उष्णतेपैकी जेमतेम दहावा हिस्सा कामी लावते आणि बाकीची वाया जाते, हे लिंडे यांच्या वर्गात डिझेल यांनी ऐकले आणि ते त्यांच्या मनात घर करून राहिले. १८७९ मध्ये विषमज्वरामुळे त्यांची अंतिम परीक्षा हुकली. १८८० च्या जानेवारीत ती देऊन ते उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाले आणि लिंडे यांच्याच बर्फयंत्रांच्या व्यवसायात रुजू झाले. पोटासाठी बर्फ आणि मनात उष्णता, असा हा दहा-बारा वर्षांचा काळ होता.

त्यांची कल्पना सायकलचा पंप वापरलेल्या कोणालाही समजेल. हवा भराभर दाबली की पंप गरम होतो. सिलिंडरमध्ये हवा पुरेशी दाबली तर तिचे तापमान ५०० अंश सेल्सिअसच्याही वर जाते. नेमक्या त्या क्षणी आत इंधनाचा बारीक फवारा सोडला की ते आपोआप पेटते. दाब जितका जास्त, तितका उष्णतेचा मोठा वाटा कामी येतो. १८९३ मध्ये या कल्पनेला पेटंट मिळाले.

कागदावरचे हे गणित लोखंडात उतरवताना मात्र एकच शत्रू पुन्हा पुन्हा आडवा आला, तो म्हणजे गळती. पिस्टनच्या कड्यांमधून, झडपांमधून, सांध्यांमधून हवा निसटत असे. दाब निसटला की उष्णता जाते आणि उष्णता गेली की इंधन पेटत नाही. महिनोन्महिने फिटरांच्या सोबतीने एकेक फट बुजवण्याचे काम चालले. १७ फेब्रुवारी १८९४ रोजी इंजिन सुमारे एक मिनिट स्वतःच्या बळावर चालले. त्यानंतर आणखी तीन वर्षे गेली. १८९७ च्या फेब्रुवारीत प्राध्यापक मोरिट्झ श्र्योटर यांनी अधिकृत चाचणी घेतली. इंधनातील २६ टक्क्यांहून अधिक उष्णता कामी येत होती. वाफेच्या इंजिनाला कितीतरी मागे टाकणारा हा आकडा होता.

सर्वांत अवघड जागा होती ती इंधन आत शिरते तिथली. आत इतका दाब असताना बाहेरून इंधन ढकलायचे, त्याचा धुक्यासारखा फवारा करायचा आणि त्याच भोकातून आतला वायू बाहेर येऊ द्यायचा नाही. त्या काळच्या पंपांना हे झेपेना. म्हणून डिझेल यांनी त्याहून जास्त दाबाच्या हवेच्या झोताबरोबर इंधन आत फुंकण्याची वाट धरली. ती चालली, पण त्यासाठी वेगळा, जड कॉम्प्रेसर लागे. त्यामुळे त्यांचे इंजिन कारखान्यात बसले, जहाजांवर चढले. त्यांच्या हयातीत मालट्रकमध्ये मात्र ते मावले नाही.

यशाने पैसा आला, पण सुख आले नाही. पेटंटांचे वाद, परवाने घेतलेल्या कारखान्यांच्या तक्रारी आणि अतिश्रम यांनी प्रकृती ढासळली. तीव्र डोकेदुखी आणि मानसिक थकव्यामुळे १८९८ मध्ये त्यांना आरोग्यधामात राहावे लागले. म्युनिकमध्ये आलिशान घर बांधले, जमिनींत आणि तेलक्षेत्रांत पैसा गुंतवला. त्यात मोठे नुकसान झाले. २९ सप्टेंबर १९१३ रोजी ते अँटवर्पहून इंग्लंडला जाणाऱ्या ‘ड्रेस्डेन’ जहाजावर चढले. रात्रीच्या जेवणानंतर ते आपल्या खोलीकडे गेले. सकाळी खोली रिकामी होती. काही दिवसांनी समुद्रात मृतदेह सापडला आणि त्यावरच्या वस्तू मुलाने ओळखल्या. वय होते ५५. त्यांच्या मृत्यूबद्दल घातपातापर्यंतचे अनेक तर्क लढवले गेले. कुटुंबाच्या वाट्याला मात्र कर्जाचा डोंगर आला.

पुढची वाट इतरांनी काढली. १९२० च्या दशकात जर्मनीत डिझेल इंजिनाचे मालट्रक धावू लागले. १९२७ मध्ये बॉश कंपनीने इंधन फवारणारा आटोपशीर पंप मोठ्या संख्येने बनवायला घेतला आणि जड कॉम्प्रेसरची गरज संपली. आपल्याकडे पुण्यात १९४६ मध्ये किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी स्थापन झाली आणि डिझेलचे इंजिन शेतातल्या विहिरीवरही पोचले.

ज्या जागेने डिझेल यांना छळले, ती आजच्या ट्रकमध्येही नाजूकच आहे. अनेक मोठ्या इंजिनांत इंजेक्टर थेट हेडमध्ये बसत नाही. तो तांब्याच्या किंवा पोलादाच्या पातळ नळीत बसतो. हीच इंजेक्टर स्लीव्ह. तिच्या बाहेरून कूलंट वाहते, आत इंजेक्टर असतो आणि खाली ज्वलन होते. म्हणजे पाणी, इंधन आणि आग यांच्यामधली भिंत ही एवढीशी नळी आणि तिच्याभोवतीच्या रबरी कड्या.

ही भिंत गळू लागली की खुणा दिसतात. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरला तर टाकीत बुडबुडे येतात, कूलंट बाहेर फेकले जाते, इंजिन तापते. कूलंटवर तेलकट तवंग दिसला, डिझेलचा वास आला, तर इंधन त्यात मिसळत असू शकते. इंजेक्टरच्या बुडाचा तांब्याचा वॉशर गळत असेल तर फुसफुस आवाज येतो आणि भोवती डांबरासारखी काजळी साचते. बुडबुडे दिसले की अनेकदा हेड गॅस्केटवर संशय जातो आणि नाहक हेड उतरवले जाते. दोष निघतो स्लीव्हमध्ये.

दुरुस्ती चिकाटीची असते. इंजिन थंड करून कूलंट काढायचे, इंजेक्टर उपसायचा, काजळी सिलिंडरमध्ये पडू नये म्हणून खालचे भोक बंद करायचे. जुनी स्लीव्ह ओढून काढल्यावर हेडमधली जागा चकचकीत होईपर्यंत साफ करायची. मग नव्या कड्या आणि जिथे लागेल तिथे सीलंट लावून नवी स्लीव्ह बसवायची. तांब्याचा वॉशर दरवेळी नवाच हवा, कारण एकदा दाबला गेलेला तांब्याचा वॉशर कडक होतो आणि पुन्हा नीट बसत नाही. बैठकीवर काजळीचा कण राहिला तरी इंजेक्टर नीट टेकत नाही आणि गळती पुन्हा सुरू होते. शेवटी कूलंटला दाब देऊन गळती तपासायची.

या कामात आरोग्याचे धोकेही आहेत. गरम रेडिएटरचे झाकण उघडल्याने भाजते. कूलंटमधले इथिलीन ग्लायकॉल विषारी आणि चवीला गोड असते. ते मुलांपासून आणि जनावरांपासून दूर ठेवावे. चालू इंजिनात इंधनाची गळती बोटाने चाचपू नये. नव्या इंजिनांत इंधनाचा दाब वातावरणाच्या २,००० पटींपर्यंत जातो आणि तो झोत कातडी भेदून आत शिरतो. बाहेरून टाचणी टोचल्यासारखी दिसणारी ही जखम आत मांस मारत जाते. दुखत नसले तरी तातडीने रुग्णालय गाठावे लागते.

आणि धूर. २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेल इंजिनाचा धूर माणसात कर्करोग निर्माण करणारा म्हणून जाहीर केला. उष्णता वाया जाऊ नये म्हणून आयुष्य वेचलेल्या माणसाच्या नावाला हा धूर चिकटला आहे. अर्धवट जळलेले इंधन म्हणजे काजळी. फवारा बिघडला, दाब निसटला की ती वाढते. चांगला फिटर स्लीव्हची बैठक घासून साफ करतो तेव्हा मालकाचे इंधन वाचते आणि रस्त्यावरच्या माणसाच्या फुप्फुसावरचा भारही थोडा हलका होतो.