सर ख्रिस्टोफर रेन

इंग्लंडचे थोर वास्तुशिल्पी सर ख्रिस्टोफर रेन यांचा जन्म १६३२ साली ईस्ट नॉयल या खेड्यात एका धर्मोपदेशकाच्या घरी झाला. आरंभी ते ज्योतिर्विद म्हणून नावारूपास आले. १६६१ मध्ये ऑक्सफर्डला ते खगोलशास्त्राचे प्राध्यापक झाले.

१६६६ च्या सप्टेंबरात लंडन शहर चार दिवस जळत होते. तेरा हजारांहून अधिक घरे आणि सेंट पॉलचे प्राचीन कॅथीड्रल त्या आगीच्या भक्ष्यस्थानी पडले. नगरातील प्रार्थनामंदिरे पुन्हा उभारण्याचे कार्य रेन यांच्याकडे आले. प्रवचन प्रत्येक श्रोत्यास ऐकू गेले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. सामान्य वक्त्याचा आवाज समोर ५० फूट, दोन्ही बाजूंस ३० फूट आणि मागे २० फूट पोहोचतो, असे माप त्यांनी पुढे लिहून ठेवले. मात्र वक्त्याने वाक्याचा शेवट गिळता कामा नये, अशी अटही घातली. ही अट आम्हां शिक्षकांनीही ध्यानी धरण्याजोगी आहे!

परंतु १६७५ पासून उभारल्या जाऊ लागलेल्या सेंट पॉलच्या नव्या कॅथीड्रलमध्ये हे माप कसे टिकावे? तेथील विशाल अंतराळात दगडी भिंती ध्वनी शोषून न घेता पुनःपुन्हा परतवितात. गायन त्यामुळे भरदार होते; पण बोललेला शब्द विरण्यापूर्वीच त्यावर दुसरा येऊन आदळतो आणि प्रवचन अस्पष्ट होते. उलट, २५७ पायऱ्या चढून घुमटाखालच्या गोल सज्जात जावे, तर भिंतीशी केलेली कुजबुज सुमारे ३४ मीटर दूर असलेल्या समोरच्या बाजूस स्पष्ट ऐकू येते. तेथे ध्वनी सर्वत्र न पसरता वक्र भिंतीला बिलगून पुढे सरकतो. १९२१ मध्ये आपले चंद्रशेखर वेंकट रामन यांनी या सज्जात प्रयोग केले. विजापूरच्या गोलघुमटातील अशाच चमत्काराचाही त्यांनी अभ्यास केला.

काम लांबले, तेव्हा १६९७ साली पार्लमेंटने रेन यांचे अर्धे वेतन रोखून धरले. तरी ते खचले नाहीत. १७०८ मध्ये घुमटावरील अखेरचा दगड बसविण्यात आला, तो त्यांच्या पुत्राच्या हस्ते. स्वतः रेन त्या वेळी पंचाहत्तरी ओलांडलेले होते. पुढे १७१८ साली त्यांना राजवास्तुकाराच्या पदावरून दूर करण्यात आले. त्यानंतर वर्षातून एकदा ते त्या घुमटाखाली येऊन स्वस्थ बसत, असे सांगतात. १७२३ साली, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, ते निवर्तले आणि त्याच कॅथीड्रलच्या तळघरात त्यांचे दफन झाले.