तुकोबांच्या वाटेवरचा ख्रिस्तभक्त : रेव्हरंड टिळक

आज आषाढी एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटात टाळमृदंगांचा गजर चालला असेल आणि ज्यांना पंढरीस जाणे घडले नाही त्यांच्या देवघरांत विठ्ठलाच्या तसबिरीला तुळशीची माळ चढली असेल. अशा मंगल दिवशी एका ख्रिस्ती कवीचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्यात औचित्य कोणते, असा प्रश्न काहींच्या मनात येईल. तो स्वाभाविकच आहे. परंतु धर्म बदलला तरी ज्याने तुकोबांच्या अभंगाला अखेरपर्यंत अंतर दिले नाही, त्या नारायण वामन टिळकांचे स्मरण ह्या दिवशी अप्रस्तुत ठरणार नाही, असे आम्हांस वाटते.

टिळकांचा जन्म १८६१ साली रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. काव्याची गोडी त्यांना मातेकडून लाभली. मातृवियोगानंतर लहान वयातच ते घराबाहेर पडले आणि नाशिक येथे गणेशशास्त्री लेले ह्यांच्यापाशी त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले. जलालपूरच्या गोखल्यांची कन्या मनकर्णिका हिच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे 'स्मृतिचित्रे' लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई टिळक. वृत्ती उतावळी, राग शीघ्र, हात सढळ आणि पायांवर चक्र, असा ह्या पुरुषाचा स्वभाव होता. नागपुरास असताना धर्मविषयक चर्चेसाठी त्यांनी 'ऋषि' नावाचे मासिक चालविले. जातिभेदाने दुभंगलेल्या आपल्या समाजास एकत्र बांधणारा धर्म कोणता, ह्या एकाच प्रश्नाने त्यांना ग्रासले होते.

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावकडे आगगाडीने जात असता एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांच्या हाती 'नवा करार' ठेवला. त्यातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांचे मन जिंकले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

ह्या निर्णयाची किंमत मोठी होती, आणि तिचा जबर वाटा लक्ष्मीबाईंनी उचलला, हे सांगितल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. पती हयात असता त्यांना पतिवियोग सोसावा लागला. त्यांतील काही काळ त्यांनी पंढरपुरातच नातलगांच्या आश्रयाने काढला. इकडे आप्तेष्टांनी टिळकांना तोडले होते. काही वर्षांनी लक्ष्मीबाई त्या वेळच्या अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, पतीकडे आल्या, त्या आपले सोवळे सांभाळूनच. त्यांचे मन आपोआप पालटेपर्यंत त्यांची चूल निराळी राहिली. १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

नगरला अमेरिकन मराठी मिशनच्या धर्मशिक्षणसंस्थेत टिळक शिकवू लागले. तेथील मंडळींत त्यांना एक उणीव जाणवली. उपासनेतील पुष्कळशी गीते इंग्रजीवरून आणलेली होती आणि त्यांच्या चालीही परक्या होत्या. जात्यावरच्या ओव्या व भजने ऐकत वाढलेल्या माणसाच्या ओठांवर ती सहज कशी बसावीत? अशा वेळी दोन मार्ग संभवतात. हे लोक परकीयांचे अनुकरण करतात, ह्यांची भक्ती कच्ची आहे, असा निवाडा देऊन बाजूस व्हावे, हा एक मार्ग. दुसरा अधिक कष्टाचा. जे उणे आहे ते आपण घडवावे.

टिळकांनी मुख्यतः दुसरा मार्ग पत्करला. 'मुख्यतः' म्हणण्याचे कारण, ते कोणी मौनव्रती साधू नव्हते. १९१२पासून 'ज्ञानोदय' पत्राच्या मराठी विभागाचे संपादन त्यांच्याकडे होते, आणि परदेशी मिशनवर विसंबून राहणाऱ्या आपल्या समाजाला त्यांनी खडे बोलही सुनावले. परंतु रागाचा भर ओसरला की ते पुन्हा आपल्या कामाला लागत. ओवी, अभंग, पद आणि आरती ह्या आपल्या मातीतल्या रूपांत त्यांनी ख्रिस्तभक्तीची शेकडो गीते रचली. नगरला ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा त्यांच्यापूर्वीच सुरू झाली होती. तिला त्यांनी आपल्या वाणीचे बळ दिले. जुनी गीते गाणाऱ्यांना त्यांनी कमी लेखले म्हणून त्यांची गीते रुजली नाहीत. ती गाण्याजोगी होती म्हणून रुजली. आजही मराठी ख्रिस्ती उपासनेत ती गायिली जातात. तुकोबांच्या सेतूवरूनच आपण ख्रिस्तचरणांशी पोहोचलो, अशी त्यांची भावना होती आणि ती त्यांनी कधी लपविली नाही.

त्यांच्या घराचे दारही असेच मोकळे होते. १९०७च्या जळगाव येथील कविसंमेलनात चमकलेल्या त्र्यंबक बापूजी ठोमरे ह्या कोवळ्या कवीला, म्हणजेच बालकवींना, टिळक दांपत्याने पुढे आपल्या घरी मुलासारखे सांभाळले. बालकवी अखेरपर्यंत हिंदूच राहिले. टिळकांनी त्या मुलातला कवी पाहिला आणि तो जोपासला. 'केवढे हे क्रौर्य' आणि 'वनवासी फूल' लिहिणाऱ्या लेखणीला साजेसेच हे वर्तन होते.

१९०९ साली त्यांनी 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य आरंभिले. ते त्यांच्या हातून पुरे झाले नाही. पुढचे बहुसंख्य अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले आणि १९३८ साली, दोघांच्याही पश्चात, तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. एकेकाळी पतीच्या धर्मांतराने उन्मळून गेलेल्या पत्नीनेच त्याचे अपुरे काव्य पुढे न्यावे, ह्याहून मोठे समाधान कवीला कोणते?

१९१७ साली, पंचावन्नी ओलांडल्यावर, टिळकांनी मिशनची नोकरी व तिचा पगार सोडला आणि संन्यस्त वृत्तीने साताऱ्यास वास्तव्य केले. तेथे त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, ख्रिस्तावर प्रेम करणाऱ्या कोणालाही त्यात स्थान होते. निराळा पंथ स्थापून जुन्या मंडळींशी वैर धरण्याचा त्यांचा हेतू नव्हता. 'ज्ञानोदया'तील त्यांचे लेखनही चालूच राहिले. दरबार पुरता उभा राहण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे देहावसान झाले.

टिळकांचा धर्मांतराचा निर्णय आमच्या अनेक वाचकांना रुचणार नाही, हे आम्ही जाणतो. तो रुचावा असा आमचा आग्रहही नाही. परंतु त्यांच्या चरित्रातून घेण्याजोगे जे आहे ते कोणत्याही भाविक घराला घेता येईल. आपल्यातही कोणाची एकादशी निर्जळी आणि कोणाची फराळाची, कोण वारी पायी करतो आणि कोण मोटारीने, ह्याची मोजदाद अनेकदा चालते. ज्याला कंठ आहे त्याने गावे, ज्याच्या हाताला चव आहे त्याने वारकऱ्याला भोजन घालावे, ज्याला अक्षर लाभले त्याने लिहावे. शेजाऱ्याच्या भक्तीचे माप घेण्याचे काम विठोबाने आपणावर सोपविलेले नाही. आज रात्री हरिपाठ आटोपून टाळ खाली ठेवताना एवढे जरी मनात राहिले, तरी ही एकादशी सार्थकी लागली असे आम्ही समजू.