समुद्राची हजेरी घेणारे सर ॲलिस्टर हार्डी

मी आज एका थोर शास्त्रज्ञाची माहिती सांगणार आहे. त्यांचे नाव सर ॲलिस्टर हार्डी. समुद्राचा अभ्यास करणारे बरेच लोक त्यांना ओळखतात.

हार्डी यांचा जन्म १० फेब्रुवारी १८९६ रोजी इंग्लंडमधील नॉटिंगहॅम या शहरात झाला. त्यांचे वडील घरांचे नकाशे काढणारे वास्तुशिल्पकार होते. हार्डी यांना लहानपणापासून दोन गोष्टींची आवड होती. एक म्हणजे प्राणी आणि किडे बघणे व दुसरी म्हणजे चित्रे काढणे. ते ऑक्सफर्डला शिकायला गेले. तेवढ्यात १९१४ साली पहिलं महायुद्ध सुरू झालं. मग ते सैन्यात गेले. त्यांची पलटण सायकलवरून फिरणारी होती! युद्ध संपल्यावर त्यांनी शिक्षण पुरे केले.

पुढे त्यांना माशांचा अभ्यास करण्याची नोकरी मिळाली. इंग्लंडच्या किनाऱ्यावर तेव्हा हेरिंग नावाचा मासा फार पकडत असत. तो आपल्याकडच्या तारलीच्या नात्यातला मासा आहे. हेरिंग काय खातो, हे हार्डी यांनी शोधून काढलं. त्यासाठी ते माशांची पोटं उघडून आतलं अन्न सूक्ष्मदर्शकाखाली बघत असत.

आता मी थोडं समुद्राविषयी सांगतो, म्हणजे पुढचं समजेल. जमिनीवर गवत असतं. गवत शेळी खाते. समुद्रात पण गवतासारखं काहीतरी पाहिजे ना? ते असतं, पण डोळ्यांना दिसत नाही. त्याला वनस्पती-प्लवक म्हणतात. पाण्यावर तरंगत राहणाऱ्या अगदी बारीक वनस्पती म्हणजे वनस्पती-प्लवक. काहींना काचेसारखं कवच असतं. खूप झाल्या की पाणी हिरवं दिसतं, जसं उन्हाळ्यात तळ्याचं पाणी हिरवं होतं तसं. त्यांना बारीक प्राणी खातात, त्या प्राण्यांना मासे खातात आणि माशांना माणसं खातात. शिवाय जगात वनस्पती जेवढा प्राणवायू तयार करतात, त्यातला सुमारे निम्मा या समुद्रातल्या वनस्पती करतात. आमच्या गावापासून समुद्र खूप लांब आहे आणि मी तो अजून पाहिला नाही. तरी माझ्या श्वासात समुद्राने तयार केलेला प्राणवायू आहे.

१९२५ साली हार्डी डिस्कव्हरी नावाच्या जहाजातून दक्षिण ध्रुवाकडच्या समुद्रात गेले. तिकडे देवमाशांची फार शिकार चालू होती. देवमासे कशावर जगतात ते बघायचं होतं. हार्डी यांच्या एक गोष्ट लक्षात आली. जहाज थांबवून एका ठिकाणी जाळी टाकली, तर त्याच ठिकाणचं कळतं. मधल्या समुद्रात काय आहे ते कळत नाही. म्हणून त्यांनी जहाज चालू असतानाच प्लवक गोळा करणारं यंत्र तयार केलं. १९२७ साली ते परत आले.

ते यंत्र कसं चालतं ते ऐका. धातूची सुमारे एक मीटर लांबीची पेटी असते. ती दोराने जहाजामागे बांधून पाण्यात ओढतात. पेटीच्या तोंडाला साधारण अर्ध्या इंचाचं चौकोनी भोक असतं. त्यातून पाणी आत जातं आणि रेशमी कापडातून गाळलं जातं, जसं आई पीठ चाळते तसं. वरून दुसरं रेशमी कापड येऊन बसतं आणि प्लवक दोन्हींच्या मध्ये अडकतं. पेटीच्या मागे पंखा असतो. तो पाण्याच्या जोराने फिरतो आणि कापड हळूहळू गुंडाळलं जातं. गुंडाळी औषधात राहते म्हणून प्लवक कुजत नाही. बंदरात आल्यावर कापड उलगडतात. दर १० सागरी मैलांचा, म्हणजे सुमारे साडेअठरा किलोमीटरचा एक तुकडा कापतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली मोजणी होते. कापड किती हिरवं झालं आहे तेही बघतात. त्याच्या चार पायऱ्या असतात : हिरवं नाही, अगदी फिकट हिरवं, फिकट हिरवं आणि हिरवं.

१९२८ साली हार्डी हल या बंदराच्या गावी प्राणिशास्त्राचे प्राध्यापक झाले. तिथून १९३१ साली त्यांनी उत्तर समुद्रात हे काम कायमचं सुरू केलं. त्यांच्याकडे स्वतःची जहाजं नव्हती. मग त्यांनी युक्ती केली. नेहमी ये-जा करणाऱ्या व्यापारी जहाजांच्या मागे यंत्र बांधलं. खलाशी आपलं काम सांभाळून यंत्र पाण्यात सोडत आणि परत वर ओढून घेत. मला ही युक्ती फार आवडली. हलला असताना हार्डी यांनी पतंगाला जाळी बांधून आकाशातले किडेसुद्धा पकडले होते!

दुसऱ्या महायुद्धात १९३९ साली समुद्रावरचं काम थांबलं. युद्ध संपल्यावर १९४६ साली ते पुन्हा सुरू झालं. त्याच वर्षी हार्डी ऑक्सफर्डला प्राध्यापक झाले. १९५७ साली त्यांना सर ही पदवी मिळाली. त्यांनी समुद्रावर पुस्तकं लिहिली आणि त्यांतली रंगीत चित्रे स्वतः काढली. मे १९८५ मध्ये वयाच्या ८९ व्या वर्षी ते वारले.

पण खरी गोष्ट त्यांच्यानंतर घडली. १९८०च्या दशकाच्या शेवटी या कामाला पैसे कमी पडले आणि काम बंद पडायची वेळ आली. नेमका तेव्हाच समुद्र बदलत होता. उत्तर समुद्रातलं रेशीम पूर्वीपेक्षा जास्त हिरवं येऊ लागलं होतं आणि वर्षातले जास्त महिने हिरवं येत होतं. काम थांबलं असतं तर हा बदल नीट कळला नसता. शेवटी १९९० साली शास्त्रज्ञांनी हार्डी यांच्या नावाची संस्था काढून काम वाचवलं. आता ते इंग्लंडमधील प्लिमथ गावची एक समुद्र-संस्था बघते.

तुम्ही म्हणाल, हिरवं झालं तर चांगलंच की. पण तसं नाही. कोळसा आणि तेल जाळल्याने हवा तापते आणि समुद्रही तापतो. मग कुठल्या वनस्पती कधी वाढतात ते बदलतं. त्यांना खाणारे थंड पाण्यातले बारीक प्राणी उत्तरेला सरकतात. चाळीस वर्षांत गरम पाण्यातले असे प्राणी सुमारे १,००० किलोमीटर उत्तरेकडे गेले. कॉड नावाच्या माशाच्या पिल्लांना नेहमीचं अन्न वेळेवर मिळेना. गवत उगवलं पण वासरू जन्मायच्या आधीच वाळलं, तर काय उपयोग?

आणखी एक नवल सांगतो. १९९९ साली अटलांटिक महासागरातल्या रेशमावर प्रशांत महासागरातली एक काचेच्या कवचाची वनस्पती सापडली. ती अटलांटिकमधून सुमारे ८ लाख वर्षांपूर्वी नाहीशी झाली होती. उत्तर ध्रुवाकडचा बर्फ वितळून वाट मोकळी झाली, म्हणून ती परत आली असं शास्त्रज्ञ मानतात.

समुद्राचा रंग बघणारा उपग्रह १९७८ साली गेला. त्याआधी समुद्र कसा होता हे सांगायला हार्डी यांचं रेशीमच उपयोगी पडतं. आपल्या गावातली म्हातारी माणसं म्हणतात पूर्वी पाऊस जास्त होता, तर कोणी म्हणतं तेवढाच होता. कोणी लिहून ठेवलं नाही म्हणून वाद मिटत नाही. समुद्राचं मात्र लिहिलेलं आहे, कारण ९० वर्षांहून जास्त काळ माणसं बदलली तरी मोजायची पद्धत जवळजवळ तीच ठेवली. गुरुजी रोज आपली हजेरी घेतात, तशी ही समुद्राची हजेरी आहे.

हार्डी यांच्यापासून आपण हे शिकावं की सुरू केलेलं काम नेमाने करावं आणि नीट लिहून ठेवावं. आपण चौथीची मुलं या पावसाळ्यापासून रोजचा पाऊस मोजून वहीत लिहूया. पुढच्या वर्षी आपण पाचवीत गेलो की ती वही आताच्या तिसरीच्या मुलांना द्यायची. पालकांनो, सुट्टीत वही घरी आली तर तुम्ही आम्हाला आठवण करा.

— इयत्ता चौथीचा एक विद्यार्थी