‘ईहा’ : एडवर्ड हॅमिल्टन एटकिन

मृगाची पहिली सर पडून गेली की शिरपूर जैनच्या शिवारात तांबडे, मखमली किडे दिसू लागतात. त्या गावाहून येणाऱ्या आमच्या दोघा विद्यार्थ्यांनी यंदा असले पाच-सहा किडे काड्यांच्या पेटीत घालून आणले आणि मधल्या सुटीत भिंगाखाली त्यांचे पाय मोजावयास बसले. पाय आठ भरले. कीटकास पाय सहा असतात असे त्यांनी पुस्तकात वाचलेले. तेव्हा पुस्तक चुकले की किडा चुकला, असा मोठा वाद माजला. वस्तुतः दोघेही निर्दोष होते. मृगाचा किडा हा खरा कीटक नव्हेच. तो कोळी, विंचू आणि गोचीड यांच्या गोतातला. परंतु या वादापेक्षा त्या मुलांचा दुसरा प्रश्न आम्हांस अधिक मोलाचा वाटला. आपण पाहिलेले हे कोणी छापील काय, आणि छापले तर त्याचा कोणास उपयोग काय, असे त्यांनी विचारले. तोंडी उत्तर देण्यापेक्षा, या प्रश्नाचे उत्तर ज्यांनी कृतीने दिले त्या एका गृहस्थांचे चरित्र सांगावे, असे आम्ही योजिले.

एडवर्ड हॅमिल्टन एटकिन यांचा जन्म १६ ऑगस्ट १८५१ रोजी सातारा येथे झाला. त्यांचे वडील रेव्हरंड जेम्स एटकिन हे फ्री चर्च ऑफ स्कॉटलंड या मिशनचे मिशनरी होते. वडील विद्वान होते आणि मुलाचे आरंभीचे शिक्षण त्यांनी स्वतःच केले. पुढील शिक्षण मुंबई व पुणे येथे झाले. मुंबई विद्यापीठाच्या परीक्षांत ते पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले, आणि १८७० पासून १८७६ पर्यंत पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी लॅटिन भाषा शिकविली. म्हणजे ज्या शास्त्रासाठी त्यांचे नाव राहिले, ते त्यांच्या अध्यापनाचा विषय नव्हते. त्यांचा व्यासंग ग्रीक-लॅटिनचा. फुलपाखरांचा व पाखरांचा नाद मात्र हौसेचा.

१८७६ साली त्यांनी कॉलेज सोडले आणि मुंबई इलाख्याच्या जकात व मीठ खात्यात नोकरी धरली. विद्वानास मिठाच्या पोत्यांवर पहारा ठेवावयास लागावे, हे वाचकांस कदाचित चमत्कारिक वाटेल. परंतु या नोकरीनेच त्यांस सृष्टीचे पुस्तक उघडून दिले. कच्छच्या छोट्या रणाच्या काठचे खाराघोडा, समुद्रकाठचे उरण, कारवारचा प्रांत, गोव्याची सरहद्द, रत्नागिरी, अशी त्यांची बदली होत गेली. खाराघोडा म्हणजे धूळ, ऊन आणि मिठागरे. शिकार नाही, संगत नाही, करमणूक नाही. अशा ठिकाणी मनुष्य कंटाळून जातो. एटकिन मात्र आपल्याच बंगल्यात राहणाऱ्या उंदीर, पाली, मुंग्या, कावळे, वटवाघळे, बेडूक यांचे निरीक्षण करीत बसले. त्यांवर त्यांनी विनोदी लेख लिहिले आणि १८८३ साली त्यांचे पुस्तक झाले. त्या काळी वायव्य सरहद्दीवरील टोळ्यांशी सरकारच्या लढाया चालत. तेव्हा आपल्या घरच्या प्राण्यांस ‘माझ्या सरहद्दीवरील टोळ्या’ असे नाव देऊन त्यांनी पुस्तकाचेही तेच नाव ठेविले. लेखांखाली ते आपल्या नावाची तीन आद्याक्षरे जोडून ‘ईहा’ अशी सही करीत. संस्कृतात ईहा म्हणजे इच्छा, धडपड. पुढील हकीकत पाहता हे नाव त्यांस किती शोभते हे दिसेल.

त्याच वर्षी, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, मुंबईस राणीच्या बागेतील व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट म्युझियममध्ये (आज त्यास डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय म्हणतात) आठ गृहस्थ जमले. त्यांपैकी एक एटकिन. दर महिन्यास एकत्र यावे, ज्यास जे सापडले असेल ते आणून दाखवावे, आपापली टिपणे ताडून पाहावी आणि एकमेकांस साह्य करावे, एवढाच त्यांचा हेतू. या आठांत दोघे आपले लोक होते आणि त्यांची नावे प्रत्येक मराठी मुलास ठाऊक असावी असे आम्हांस वाटते. एक डॉक्टर आत्माराम पांडुरंग, प्रार्थना समाजाचे संस्थापक. दुसरे डॉक्टर सखाराम अर्जुन, ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकविणारे आणि मुंबईच्या देशी औषधींचा अभ्यास करणारे. ज्यांनी पुढे विलायतेस जाऊन वैद्यकीची पदवी मिळविली, त्या डॉक्टर रखमाबाई या सखाराम अर्जुन यांच्याच घरी वाढल्या. या मंडळीने ‘बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी’ स्थापन केली, आणि चिटणिसाचे बिनपगारी काम एटकिन यांनी अंगावर घेतले.

मंडळास स्वतःची जागा नव्हती. काही महिने सभा म्युझियममध्येच भरल्या. मग जानेवारी १८८४ मध्ये फिप्सन नावाच्या एका व्यापारी गृहस्थांनी फोर्ब्स स्ट्रीटवरील आपल्या कचेरीतील एक खोली देऊ केली. फिप्सन यांचा धंदा मद्य विकण्याचा. धंदा कोणता का असेना, त्या खोलीत पक्ष्यांची कातडी आणि फुलपाखरांच्या पेट्या सुरक्षित राहिल्या हे खरे.

पण एक अडचण उभी राहिली आणि तीच या चरित्राचे मर्म आहे. सभेस येणार कोण? जो मुंबईत असेल तो. आणि निरीक्षण करणारे बहुतेक लोक तर मुंबईबाहेर: कोणी जंगलखात्यात, कोणी रेल्वेवर, कोणी तालुक्याच्या दवाखान्यात, कोणी मिशनच्या ठाण्यावर. त्या वेळी आपल्या वऱ्हाडातून मुंबईस जावयाचे तर आधी बैलगाडीने अकोल्याचे स्टेशन गाठावे लागे; शिरपुरास राहणाऱ्या मनुष्याने महिन्याच्या सभेस कसे जावे? शिवाय सरकारी नोकराची बदली होते. आज ज्याने कारवारच्या रानात एखाद्या सुरवंटाचे खाद्य कोणते हे शोधून काढले, तो उद्या सिंधमध्ये जातो. त्याच्या जागी आलेला पुन्हा पहिल्यापासून आरंभ करतो. एकाच्या डोक्यातले ज्ञान त्याच्याबरोबर निघून जाते. आणि बदलीहून मोठी गोष्ट म्हणजे मृत्यू. डॉक्टर सखाराम अर्जुन हे १८८५ सालीच, ऐन उमेदीत, वारले. मंडळ दोन वर्षांचे नाही तोच आठांतील एक असा गेला.

यावर उपाय एकच: लिहून ठेवावे, छापावे आणि जे सभेस येऊ शकत नाहीत त्यांस ते टपालाने पोचवावे. जानेवारी १८८६ मध्ये मंडळाच्या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. त्याचे संपादक दोन: एटकिन आणि स्टर्नडेल. हे स्टर्नडेल साहेब मध्यप्रांतात, नागपुराच्या उत्तरेस शिवनीकडे, राहिलेले. सातपुड्यातील रानावर आणि हिंदुस्थानातील सस्तन प्राण्यांवर त्यांनी ग्रंथ लिहिले होते. एक मिठाच्या खात्यातला, एक शिकारी चित्रकार! विद्यापीठातील प्राणिशास्त्राचा प्राध्यापक दोघांपैकी एकही नव्हे. आणि पगार कोणासच नाही. दिवसभर आपली नोकरी करावी आणि उरल्या वेळात दुसऱ्यांचे लेख वाचावे, नावे तपासावी, मुद्रिते सुधारावी. ज्यांनी आमच्या या वार्षिकाची मुद्रिते एकदा तरी तपासली आहेत, त्यांस हे काम किती वेळखाऊ व किती बिनआभाराचे असते ते निराळे सांगावयास नको.

या नियतकालिकात मोठमोठे सचित्र लेख येत. परंतु आम्हांस विशेष वाटते ते त्यातील संकीर्ण टिपणांच्या पानांचे. चार ओळींचे, दहा ओळींचे टिपण. अमुक पक्ष्याचे घरटे अमुक महिन्यात अमुक ठिकाणी सापडले. अमुक सापाने बेडकाऐवजी दुसरा साप गिळला. लिहिणारा शास्त्रज्ञ असलाच पाहिजे असे नाही. परंतु स्थळ, दिवस आणि पाहणाराचे नाव ही तीन पाहिजेतच. एकेकटे टिपण क्षुल्लक दिसते. असली शेकडो टिपणे वीस-पंचवीस वर्षे साठली म्हणजे एखादा पक्षी कोणत्या प्रांतात कधी येतो आणि कधी जातो हे सांगता येते, आणि ते कोणा एकट्या पंडितास कितीही हिंडून सांगता आले नसते.

पुढे एटकिन यांची मुंबईहून बदली झाली. जे काम आपण उभारले ते दुसऱ्याच्या हाती द्यावयाचे, हे पुष्कळांस जड जाते. स्थापन करणारा गेला की संस्था बुडाली, असे आपल्याकडे कितीदा झाले आहे! येथे तसे झाले नाही. चिटणिसाचे काम फिप्सन यांनी घेतले आणि वीस वर्षे चालविले. त्यांच्या पत्नी डॉक्टर एडिथ पीची यांनी रखमाबाईंस वैद्यक शिकण्याच्या कामी साह्य केले, हेही येथे जाता जाता सांगितले पाहिजे. इकडे एटकिन संपादक होते ते आता दूरचे लेखक झाले. कारवारकडे डेव्हिडसन नावाचे कलेक्टर आणि बेल नावाचे जंगल-अधिकारी त्यांस सोबती मिळाले. तिघांचा उद्योग असा की, सुरवंट शोधावे, ज्या झाडावर सापडतील त्याच झाडाची पाने घालून ते घरी पाळावे, कोश होऊ द्यावा आणि कोणते फुलपाखरू बाहेर पडते ते पाहावे. मेलेले फुलपाखरू टाचणीस लावणे सोपे. त्याचे सुरवंट काय खातो, कसा दिसतो, कोश कसा टांगतो हे कळावयास रोज ताजी पाने आणावी लागतात आणि पुष्कळ वेळा वाट पाहून हाती काहीच येत नाही. त्यांचे कारवार प्रांतातील फुलपाखरांवरील लेख मंडळाच्या नियतकालिकातच प्रसिद्ध झाले.

‘ईहा’ या सहीने त्यांची आणखीही पुस्तके निघाली. मुंबईच्या नित्याच्या पक्ष्यांवरील १९०० सालचे पुस्तक अगदी सोपे आहे. थोडे इंग्रजी येणाऱ्या मुलानेही ते वाचावे. १८८९ साली घरच्या देशी चाकरांवर लिहिलेले पुस्तक मात्र आम्हांस तितकेसे आवडत नाही. त्यात विनोद आहे, निरीक्षणही तीक्ष्ण आहे. परंतु पाली-मुंग्यांकडे पाहण्याची जी दृष्टी, तीच स्वयंपाकी आणि धोबी यांजवर वळविली की हसू येता येता मन खट्टू होते. साताऱ्यास जन्मलेल्या मनुष्याकडून आम्ही अधिक अपेक्षा केली असती.

१९०२-०३ च्या सुमारास सरकारने त्यांस गोवा व कारवार यांच्या सरहद्दीवर हिवतापाच्या चौकशीस नेमिले. हिवताप डासांमुळे पसरतो हे डॉक्टर रॉस यांनी १८९७ साली सिद्ध करून फार दिवस झाले नव्हते; तेव्हा कोणत्या जागी कोणता डास आहे हे ओळखणारा मनुष्य पाहिजे होता. ज्याने खाराघोड्यास करमणूक म्हणून डासांवर लेख लिहिला, त्याचीच हौस आता लोकांच्या प्राणाशी निगडित झाली. त्या रानात त्यांस ॲनाफिलीस जातीचा एक नवा डास सापडला आणि शास्त्रज्ञांनी त्यास एटकिन यांचेच नाव दिले. डासास आपले नाव मिळावे हा मान कोणास कसाही वाटो. ‘ईहा’ यांस त्यात विनोद दिसला असेल असा आमचा तर्क आहे.

शेवटी ते कराचीस गेले. १९०६ साली नोकरीतून निवृत्त झाले, सिंध प्रांताचे गॅझेटियर पुरे केले आणि एप्रिल १९०९ मध्ये एडिंबरो येथे निवर्तले.

त्याच्या आदल्या वर्षी, १९०८ साली, मुंबईत अकरा-बारा वर्षांच्या एका मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता आणि तसली चिमणी त्याने पूर्वी पाहिली नव्हती. मामांची चिठ्ठी घेऊन तो मंडळाच्या अपोलो स्ट्रीटवरील कचेरीत गेला. तेथे फिप्सन यांचे भागीदार मिलर्ड हे आता मानद चिटणीस होते. त्यांनी त्या पोरास हाकलून दिले नाही. चिमणीची जात सांगितली, पेट्या उघडून भुसा भरलेले पक्षी दाखविले आणि वाचावयास पुस्तके दिली. मुलाचे नाव सालिम अली. पुढे तेच त्या नियतकालिकाचे संपादक झाले. त्या दिवशी तो मुलगा भीतभीत आत शिरला, तेव्हा चिटणिसांच्या खुर्चीमागे विल्यम नावाचा मोठा धनेश पक्षी बसलेला असे. तो १८९४ साली कारवारहून आला होता आणि १९२० पर्यंत तेथेच राहिला.