वेढ्यातल्या उपासमारीने दाखवलेली वाट

सप्टेंबर १८७० मध्ये प्रशियाच्या फौजांनी पॅरिसला वेढा घातला. चार महिने शहराची रसद तुटली. लोकांनी घोडे, कुत्री, मांजरे, अगदी उंदीरही खाल्ले. या हालअपेष्टांत अपोलिनेर बुशार्दा यांना एक वेगळीच गोष्ट दिसली. मधुमेहाच्या काही रुग्णांच्या लघवीतली साखर नाहीशी झाली होती.

बुशार्दा मूळचे औषधनिर्माणशास्त्राचे. पॅरिसच्या ओतेल-द्यू रुग्णालयात ते मुख्य औषधनिर्माते होते आणि १८५२ पासून वैद्यक विद्याशाखेत आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक. त्या काळी काही डॉक्टर लघवीवाटे गेलेली साखर भरून काढण्यासाठी रुग्णाला आणखी साखर खायला सांगत. बुशार्दांचा मार्ग उलटा होता. त्यांनी साखर आणि पिष्टमय पदार्थ कमी केले, हिरव्या भाज्या वाढवल्या, नेहमीच्या पावाऐवजी ग्लुटेनचा पाव सुचवला. वेढ्याच्या अनुभवाने त्यांचे मत पक्के झाले: काय खातो याइतकेच किती खातो हेही महत्त्वाचे. अधूनमधून पूर्ण उपवासाचा दिवसही ते पाळायला लावत.

मात्र नुसत्या उपवासावर त्यांची भिस्त नव्हती. रुग्णाने अंगमेहनत केलीच पाहिजे, हा त्यांचा आग्रह होता. काम करणारे स्नायू रक्तातली साखर वापरतात आणि त्यासाठी त्यांना इन्शुलिनवर पूर्णपणे अवलंबून राहावे लागत नाही, हे कारण पुढे कळले. रुग्णांनी आपली लघवी रोज स्वतः तपासावी, अशीही त्यांची शिकवण होती. आज घरोघरी दिसणाऱ्या ग्लुकोमीटरमागे हाच विचार आहे. हे सारे अनुभव त्यांनी १८७५ च्या ग्रंथात मांडले.

या उपचाराला मर्यादा होती. वजन जास्त असलेल्या प्रौढांना तो मानवला. पण ज्यांच्या शरीरात इन्शुलिनच तयार होत नाही, त्या मुलांना उपवास वाचवू शकत नव्हता. बुशार्दा १८८६ मध्ये वारले. त्या मुलांना जीवदान देणारे इन्शुलिन रुग्णांपर्यंत पोहोचायला १९२२ साल उजाडले.

सोळा तासांचा उपवास आज पुन्हा चर्चेत आहे. तो करताना बुशार्दांची शिस्त विसरू नये: मोजके खाणे, रोजची हालचाल आणि नियमित तपासणी. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर उपाशीपोटी साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. म्हणून अशांनी उपवासाआधी डॉक्टरांकडून औषधाचा डोस ठरवून घ्यावा.