आधी खोली, मग पैसे

माझे बाबा छोटे कॉन्ट्रॅक्टर. काम पूर्ण, बिल मात्र अडकलेलं! म्हणूनच मला जेम्स ईड्स जवळचा वाटतो. जन्म १८२० चा, अमेरिकेतला. शाळा लहानपणीच सुटली, तरी १८७४ साली त्याने सेंट लुईसचा पोलादी पूल उभारला. पुढे मिसिसिपीचं गाळाने भरलेलं मुख मोकळं करायला घेतलं. सरकारची अट : आधी खोली दाखवा, मग पैसे! भांडवल त्यानेच जमवलं, समांतर बांध घातले. प्रवाहानेच गाळ वाहून नेला. १८७९ मध्ये ३० फूट खोली मिळाली. तरीही दहा लाख डॉलर हमी म्हणून अडकले. निम्मे दहा वर्षांनी, निम्मे वीस वर्षांनी मिळणार. ईड्स १८८७ मध्येच गेला. हे बाबांना सांगितलं, तर ते नुसतेच हसले. तेव्हापासून मी डिझाईनइतक्याच मन लावून टेंडरच्या अटी वाचतो.